कुंतीचं कुंपण

वाईला दोन भाऊ शेजारी शेजारी राहत. वडिलांनी जागा वाटून दिल्यावर दोघांनीही रस्त्याच्या अंगाला कुंपण करायचं ठरवलं. दाट हवं, बारा महिने हिरवं हवं आणि फुलांचा वास यावा, एवढीच दोघांची मागणी.

रोपवाटिकेतल्या माळीबाबांनी एकेक झाड पारखून सांगितलं. "कण्हेर छान फुलते, शेरडं तिला तोंड लावत नाहीत. पण ती विषारी, आणि तुमच्या घरी लहान पोरं. रातराणीचा वास दूरवर जातो, पण ती ऐसपैस पसरते, ओळीत राहत नाही. मेंदी काटक, कमी पाण्यावर जगते, तिच्या बारीक फुलांनाही गोड वास असतो. पण बारमाही गर्द हिरवं हवं तर कुंती न्या. लिंबाच्या कुळातली, पानं चकचकीत, फुलं पांढरी. वाढायला मात्र सावकाश. दीड-दीड फुटावर लावा आणि दोन-तीन पावसाळे धीर धरा."

दोघांनी कुंतीच नेली आणि जूनच्या पावसात एकाच दिवशी लावली.

थोरल्याला कुंपण भिंतीसारखं सरळ हवं होतं. रोपं कमरेला लागली तशी दर पंधरवड्याला त्याची कात्री चालू लागली. एक डहाळी वर आलेली त्याला खपत नसे. धाकटाही छाटणी करी, पण बहर ओसरल्यावर. मग शेणखत घाली आणि नव्या फुटीला हात लावत नसे.

तिसऱ्या पावसाळ्यात धाकट्याची कुंती पांढरीशुभ्र झाली. तिन्हीसांजेला वाटसरू वासाने थबकू लागले. थोरल्याकडे फूल औषधालाही नव्हतं. तो माळीबाबांना बोलावून म्हणाला, "त्याला चांगली रोपं दिलीत आणि मला भाकड!"

माळीबाबांनी नुकत्याच छाटलेल्या डहाळ्या उचलून त्याच्या हातावर ठेवल्या. कोवळ्या शेंड्यांवर बारीक हिरवट कळ्या होत्या.

"मालक, कुंती फुलते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर. झाड दर वेळी तयारी करत होतं. तुम्ही कळीसकट शेंडा उतरवत होतात."

थोरल्याने त्या दिवशी कात्री बाजूला ठेवली. नवी फूट त्याने वाढू दिली आणि पुढच्या बहरात त्याचंही कुंपण फुललं.

तात्पर्य : चांगली निवड केली की काम संपत नाही. ज्याने फुलावं असं वाटतं, त्याला वळण लावावं. पण फुलायला सवडही द्यावी.