ढेरीचा दोष कुणाचा?

सुटलेली ढेरी दिसली की आपण त्या माणसाच्या संयमावर निकाल देऊन मोकळे होतो. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगतो (मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे मात्र कीर्तनात क्वचितच येते). ख्रिस्ती परंपरेत खादाडपणा सात महापापांपैकी एक. पण शरीराचा आकार हा शीलाचा पुरावा ठरतो का? माझ्या मते नाही.

पोटातली चरबी हा निमूट पडून राहणारा साठा नव्हे. आतड्यांभोवतीच्या चरबीपेशी बेसुमार फुगल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात, आणि त्यांच्या रासायनिक हाकेने रक्तातल्या, एरवी जंतूंशी लढणाऱ्या भक्षक पेशी तिथे जमतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन तयार होते, हे १९९३ साली दिसले. भक्षक पेशींची ही गर्दी २००३ मध्ये उघड झाली. जंतू नाही, जखम नाही, तरी लढाई चालूच. इथले बरेचसे रक्त थेट यकृतात जात असल्याने दाहाची झळ तिथे पोचते आणि शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. घास तर त्यानेच खाल्ला ना, असे कुणी म्हणेल. खाल्ला, पण तो कातडीखाली साठेल की आतड्यांभोवती, हे खाणारा ठरवत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के चरबी, युडकिन यांच्या ९.१. पुण्याजवळच्या खेड्यांत तर नवजात बाळेच वजनाने हलकी, पण चरबी राखून असलेली आढळली. तान्ह्या बाळाने कुठला संयम सोडला? पूर्वजन्मीचे कर्म म्हणावे, तर आईच्या कुपोषणासारखे कारण समोर असताना मागच्या जन्मात शिरणे ही निव्वळ पळवाट आहे. चरकाने अतिस्थूलाला आठ निंद्य देहांत घातले खरे, पण अतिकृशही त्याच यादीत आहे आणि स्थौल्याच्या कारणांत बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती, नोंदवलेला आहे.

दोष काढून घेतला तर माणूस प्रयत्नच सोडेल, ही शंका अधिक गंभीर. पण दोष नसला तरी कर्तव्य उरतेच. नियमित व्यायामाने वजन फारसे न उतरताही पोटातली चरबी घटते. म्हणजे प्रयत्नाला फळ आहे, फक्त ते बघणाऱ्याला दिसत नाही. संयमाचा उपदेश जरूर करावा, पण श्रोते पोटाच्या घेरावरून निवडू नयेत.