ऐकणाऱ्यालाच मोकळीक

पुणे जिल्ह्यातल्या कासुर्डीहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं, यवत मागे पडलं की पुढे चौफुला येतो. तिथली कलाकेंद्रं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. संगीतबारी पाहायला बसलं, तर थोडा वेळ ढोलकीवाल्याकडे लक्ष द्यावं. हात ढोलकीवर आणि नजर नर्तकीच्या पावलांवर. ती कुठे ठुमकणार, कुठे एकदम थबकणार, हे तो तिच्या पायांतूनच ओळखतो. ती थबकली की थाप थबकते. तिने घुंगरांतून सवाल टाकला की ढोलकी जवाब देते. या दोघांना इतकं मनमुराद खेळता येतं, कारण मागे पेटी सूर धरून बसलेली असते.

तो धरलेला सूरच काढून घेतला तर?

सॉनी रोलिन्स या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाने १९५७ मध्ये असंच काहीसं केलं. जॅझमध्ये पियानो स्वरांचे गुच्छ देत राहतो आणि वादकाला वाट दाखवतो. रोलिन्सने पियानोच ठेवला नाही. सोबत बास वाजवणारा रे ब्राउन आणि ड्रमवर शेली मॅन, बस. तिघेही इतके कामात की ‘वे आउट वेस्ट’ या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाला पहाटे तीनचा मुहूर्त निघाला! त्यात एके ठिकाणी मॅन लाकडी ठोकळ्यांवर घोड्याच्या टापा काढतो आणि त्या टापांवर रोलिन्स ऐटीत स्वार होतो. रोलिन्स गप्प झाला की बासची चाल उघडी ऐकू येते. तिघांच्याच मेळात लपायला जागा नसते. एकाचं लक्ष उडालं, तर उरलेल्या दोघांना ते लगेच कळतं.

पुढे डिसेंबर १९६० मध्ये ऑर्नेट कोलमन या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाने आठ वादकांना एकत्र बसवून ‘फ्री जॅझ’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. चौघे डाव्या बाजूला, चौघे उजव्या. पहिल्यांदा ऐकताना सगळा कालवा वाटतो. धीर धरून पुन्हा ऐकलं की उलगडत जातं: एक जण पुढे होतो, बाकीचे त्याच्या सुरांना हुंकार देतात, त्याला डिवचतात, सावरून घेतात. प्रत्येकाची पाळी सुरू होण्याआधी सगळे मिळून एक छोटा, ठरलेला तुकडा वाजवतात. एवढ्या मोकळ्या संगीतातही भेटीची जागा राखलेली आहे.

ही मोकळीक फुकट मिळत नाही. नाव ऐन भरात असताना, १९५९ मध्ये, रोलिन्सने मैफली थांबवल्या आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तो तासन्‌तास एकट्याने रियाज करू लागला. पुढे पुन्हा एकदा सगळं बाजूला ठेवून तो आपल्या मुंबईत आला आणि पवईच्या आश्रमात काही महिने योग आणि ध्यान शिकला. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा संगीतमहोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा याच रोलिन्सचा सॅक्सोफोन मुंबईकरांनी ऐकला. जगाने ज्याला डोक्यावर घेतलं, तो माणूस पुन्हा पुन्हा विद्यार्थी होऊन बसत राहिला, याचं मला फार मोल वाटतं.

मोकळीक आपल्यालाही हवी असते. घरात सुनेला हवी, शेताचा निर्णय स्वतः घेऊ पाहणाऱ्या मुलाला हवी, ग्रामसभेत पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या बाईला हवी. नुसतं ‘बोल तुला काय बोलायचं ते’ म्हटल्याने ती मिळत नाही. समोरचे कान देऊन ऐकत असतील, तरच बोलणाऱ्याला धीर येतो आणि मनातलं ओठांवर येतं. आपण बहुतेकदा समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार ठेवतो. तसं करणाऱ्या ढोलकीवाल्याची थाप चुकेल आणि बासवाल्याचा सूर भरकटेल. जवाब तयार ठेवून बसलेल्याला सवाल ऐकूच येत नाही.

आज घरात कुणी काही सांगायला आलं, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत आपलं उत्तर मनातही जुळवू नये. त्याचं पूर्ण ऐकून जे सुचेल तेच बोलावं. तेवढ्याने समोरचा मोकळा होईल, आणि ठरलेल्या उत्तरांतून आपलीही सुटका होईल.