न पाहणारा गुरू

यूट्यूब नावाच्या अफाट पाठशाळेत प्रवेश घेण्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही, शुल्काची पावती फाडावी लागत नाही, आणि वर्गात डुलकी लागली तरी कोणी खडू फेकून मारीत नाही. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांत घरोघर जे स्वयंसिद्ध पंडित निर्माण झाले आहेत त्यांच्याविषयी चार ओळी थट्टेने लिहिण्याचा मोह कोणासही आवरणे कठीण आहे. सुनेला पुरणपोळीसुद्धा मोबाइल पाहून करावी लागते म्हणून हळहळणाऱ्या सासूबाई गुडघेदुखीवरचा उतारा त्याच मोबाइलमध्ये शोधीत असतात. बिघडलेला मिक्सर वर्तमानपत्रावर उघडून, प्रत्येक स्क्रू ओळीने मांडून, तो पुन्हा जोडल्यावर दोन स्क्रू शिल्लक राहिले तरी 'हे मुळातच जास्तीचे होते' असा निर्वाळा देणारे गृहस्थ प्रत्येक आळीत एक तरी सापडतात. आणि सोयाबीनची पाने पिवळी पडली की बांधावर उभ्या राहिलेल्या पाच जणांच्या पाच मोबाइलांत पाच निरनिराळी औषधे निघतात.

तथापि या पाठशाळेच्या हजेरीपटावर एक गाव असे आहे की तेथे ही थट्टा चालत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथील एक तरुण, ज्याला गाव मुन्ना म्हणत असे, आठवीच्या पुढे शिकला नव्हता. पत्र्याची कपाटे आणि कूलर तयार करणे हा त्याचा व्यवसाय. 'थ्री इडियट्स' हा २००९ सालचा चित्रपट त्याच्या मनात इतका भिनला की आपणही काही अपूर्व करून दाखवावे व गावाचे नाव व्हावे, अशी ऊर्मी त्याला स्वस्थ बसू देईना. यूट्यूबवरील चित्रफिती पाहत, मारुती ८०० मोटारीचे इंजिन मिळवून, पोलादी नळ्या जोडून, सुमारे दोन वर्षांच्या खटपटीने त्याने एका माणसास बसता येईल असे हेलिकॉप्टर उभे केले आणि त्याचे नाव ठेवले 'मुन्ना हेलिकॉप्टर'. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिन काही दिवसांवर आला असता, रात्रीच्या वेळी जमिनीवरच यंत्राची चाचणी चालली होती. शेपटाकडील पंख्याचे पाते तुटले, ते डोक्यावरील मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्या पंख्याचा तडाखा आत बसलेल्या मुन्नाच्या मस्तकावर बसला. तो अवघा २४ वर्षांचा होता.

विदर्भात कूलर करणारा माणूस म्हणजे सामान्य असामी नव्हे. वैशाखात जेव्हा भिंतीसुद्धा तापून रात्रभर ऊन ओकतात, तेव्हा अर्धे गाव त्याच्या भरवशावर झोपते. पत्रा कापणे, कडा दुमडणे, चौकटीला वेल्डिंगचे टाके मारणे, पंखा मधोमध बसतो की नाही हे बोटाने हळूच फिरवून पाहणे, किंचित थरथर जाणवली तर पाते जरासे वाकवून ती घालविणे, ही सारी विद्या त्याच्या हातात असते. पात्याला पीळ दिला की ते वारा ढकलते, हे तत्त्व कूलरमध्येही तेच आणि हेलिकॉप्टरमध्येही तेच. म्हणून त्याची झेप वाटते तितकी वेडगळ नव्हती. परंतु कूलरचा पंखा जाळीच्या आत असतो आणि माणूस जाळीबाहेर खाटेवर असतो. हेलिकॉप्टरमध्ये माणूस पात्याखाली बसतो. शिवाय वरचा पंखा एका दिशेस फिरू लागला की खालचा सांगाडा उलट दिशेस गरगरू पाहतो, त्याला आवरण्यासाठी शेपटाचा लहान पंखा लागतो. आणि फिरण्याचा वेग दुप्पट झाला की पात्याला मुळापासून उपटू पाहणारा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. कूलरच्या वेगात वर्षानुवर्षे निमूट राहणारा जोड त्या ताणाखाली केव्हा दगा देईल, हे बोटाने फिरवून कळण्यासारखे नसते.

वेल्डिंगच्या दुकानात किंवा गॅरेजात पोरगा कामास लागतो तेव्हा त्याला शिकविणारा उस्ताद बहुधा शिव्याच देतो, पगार थकवितो, चहाही त्यालाच आणावयास लावतो. त्याची भलामण करण्याचे कारण नाही. पण हा खडूस मनुष्य एक काम अचूक करतो, ते म्हणजे तो पाहतो. पोराने ग्राइंडर चुकीच्या बाजूने धरला की त्याचा हात मागून येऊन मनगट पकडतो. चित्रफितीतला गुरू विद्वान असेल, उदार असेल, परंतु त्याला शिष्य दिसतच नाही. लाखो लोक आपणास पाहतात एवढेच त्याला ठाऊक, त्यांच्यापैकी कोण कोठल्या अंगणात इंजिनाची चावी फिरवीत आहे याची त्याला वार्ताही नसते. आणि त्या फितीत पाहावयास मिळते ते बहुतांशी यश. जे पाते उडाले, जो सांगाडा कोलमडला, तो भाग कापून बाजूस ठेवण्याचीच तेथील रीत आहे. कसे करावे हे तो शंभरदा सांगेल. थांब, असे म्हणणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

ते म्हणणे शक्य असते बघ्यांना. आपण काय करतो? कोणा खेडुताच्या करामतीची फीत आली की अंगठा उंचावतो, 'देशाला अशाच तरुणांची गरज आहे' असे लिहितो, आणि पुढच्या फितीकडे सरकतो. फुलसावंगीच्या त्या रात्रीची चित्रफीतही देशभर फिरली. ज्या गटांत सकाळी सुविचार आणि संध्याकाळी लग्नाच्या आमंत्रणपत्रिका येतात, त्याच गटांत एका माणसाचा अखेरचा क्षण येऊन पडला, आणि हात जोडल्याची चिन्हे खाली टाकून लोकांनी तो पुढे पाठविला. माझ्या मते यातले पाप पाहण्यापेक्षा पाठविण्यात अधिक आहे. पाहणे कधी कधी टळत नाही. पाठविण्यास बोट हलवावे लागते.

याच गटांत, अधूनमधून, १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथाही अभिमानाने फिरत असते. त्या कथेशी ज्याचे नाव जोडले जाते त्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथातील आराखडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासले आणि ती यंत्रे उडणे शक्य नाही असा निर्णय दिला. परंतु त्या निर्णयाची फीत कोणी पाठवीत नाही.

मुन्नासारख्या कारागिराला जगाने दाद दिल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. फुलसावंगीच्या घटनेला चार महिने होतात न होतात तोच सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहाराने भंगारातून केलेल्या चिमुकल्या मोटारीची फीत एका बड्या उद्योगपतीच्या दृष्टीस पडली आणि त्या गाडीच्या मोबदल्यात त्याला नवी बोलेरो मिळाली. पण चाकांवरची चूक खड्ड्यात जाते. आकाशाचा व्यवहार निराळा असतो, म्हणून तेथे दफ्तरे, तपासण्या, परवाने हा सारा जामानिमा आला. कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव हे तर पेशाने वैमानिक. त्यांचे विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, त्याची नोंदणी व्हावयास २०१७ उजाडले आणि उड्डाणाची परवानगी हाती यावयास २०१९. जाणकार माणसास जेथे इतकी वर्षे अर्ज-विनंत्या कराव्या लागतात, तेथे महागाव तालुक्यातील पत्रेकाम करणाऱ्या पोराने कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे? बंदुकीचा परवाना कोठे मागावा हे तालुक्यात सर्वांस ठाऊक असते. उडत्या यंत्राचा कागद घेऊन कोणी तहसिलीत गेला, तर कारकून प्रथम हसेल आणि मग चहा पाजून परत पाठवील.

तरीही सरकारची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. याच जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि अशी महाविद्यालये आता राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत झाली आहेत. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस एक 'प्रोजेक्ट' करावा लागतो व तो पुष्कळदा बाजारातून तयार विकत आणला जातो, हे त्यांच्या पालकांनाही माहीत असते, कारण पैसे तेच देतात. तेवढ्याच पैशांत ही मुले जवळच्या खेड्यातील एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात महिनाभर बसली, तर त्यांना पत्रा वाकविता येऊ लागेल आणि दुकानदारास पात्यावरील ताणाचे गणित कळेल. त्यात कोणी कोणावर उपकार केला असे होणार नाही. आणि पहिल्या चाचणीस पात्याखाली माणूस न बसविता वाळूचे पोते ठेवावे, यंत्राभोवती जाळी लावावी, चालू-बंदची कळ लांब तार ओढून दूर घ्यावी, इतके सांगावयास तर पदवीचीही गरज नाही. त्या वेळी तेथे हजर असावे लागते.