वैशाखातील पाणी कोणाचे?

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला जळगाव-धुळ्याचा खानदेश हा महाराष्ट्रातील अत्यंत तप्त प्रदेशांपैकी एक असून, मे महिन्यात जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील कमाल तापमान अनेकदा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. मैदानी भागात प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर पोहोचले की भारतीय हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो आणि ४७ अंशांवर ती तीव्र लाट ठरते. मानवी त्वचेचे तापमान साधारणपणे ३५ अंशांच्या आसपास असल्यामुळे हवा त्याहून अधिक तापली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास घाम वाळण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो मार्ग चालू राहण्यासाठी पाणी व मीठ सतत मिळावे लागते. अशा प्रदेशात वाटसरूला पाणी देणे हे केवळ सौजन्य राहत नाही. ते प्राणरक्षण होते. म्हणूनच येथे धर्मविचाराच्या कक्षेतील एक मूलभूत प्रश्न उभा राहतो: रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवणारा मनुष्य तहानलेल्यावर उपकार करतो, की जे त्याचेच आहे ते त्याच्या स्वाधीन करतो?

या प्रश्नाचा विचार खानदेशातील आखाजीपासून सुरू करणे योग्य ठरेल. अक्षय्य तृतीयेला येथे आखाजी म्हणतात, आणि सासुरवाशिणींचे माहेरपण, झोके व गौराईची गाणी यांच्या जोडीनेच त्या दिवशी घरोघरी पितरांची घागर भरली जाते. मातीच्या घागरीत पाणी भरून तिच्यावर लहान भांडे, त्यावर टरबूज किंवा खरबूज आणि सांजोऱ्या ठेवून घरातील गेलेल्यांचे स्मरण केले जाते. धर्मग्रंथांनीही या तिथीला उदककुंभाचे, म्हणजे पाण्याने भरलेल्या घटाचे, दान सांगितले आहे. जिवंतांचा घसा ज्या दिवसांत कोरडा पडतो त्याच दिवसांत पितरांच्या तहानेची आठवण ठेवण्याची ही योजना अर्थपूर्ण आहे, कारण पितरांना द्यावयाचे पाणी हे परंपरेने कधीच औदार्य मानलेले नाही. पितृऋण, म्हणजे ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांचे प्रत्येकाने जन्मतःच अंगावर घेतलेले देणे, या कल्पनेतच ते पाणी मोडते. पाण्याच्या बाबतीत ऋणाची भाषा अशा रीतीने आखाजीच्या आचारात आधीच रुजलेली आहे. ती पितरांपाशी थांबवायची की रस्त्यावरच्या माणसापर्यंत न्यायची, एवढाच निर्णय उरतो.

धर्मशास्त्राने सत्कर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन वर्ग केले आहेत. यज्ञयागादी कर्मे इष्टात येतात, तर विहिरी, तलाव, उद्याने, अन्नदान आणि प्रपा, म्हणजेच पाणपोई, यांचा समावेश पूर्तात होतो. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता राखणाऱ्या शास्त्रकारांनी पूर्ताचा अधिकार मात्र स्त्रियांना आणि शूद्रांनाही दिला. पूर्तधर्माच्या चर्चेत आणखी एक सूक्ष्म भेद आढळतो. दानात दाता आपले स्वामित्व सोडतो आणि ते एका विशिष्ट प्रतिग्रहीत्याकडे, म्हणजे दान स्वीकारणाऱ्याकडे, जाते. उत्सर्गात दाता स्वामित्व सोडतो, पण ती वस्तू कोणा एकाची होत नाही, ती सर्व भूतमात्रांसाठी मोकळी होते. तलावाचा उत्सर्ग करणारा पुढे त्याच तलावाचे पाणी प्यायला तर तो धनी म्हणून पीत नाही, इतर सर्वांसारखा एक तहानलेला जीव म्हणून पितो. पाणपोईचा खरा धर्म दानापेक्षा या उत्सर्गाच्या अधिक जवळचा आहे, आणि तो तसा मानल्यास तिच्याविषयीच्या अनेक अडचणी सुटतात.

या विचाराचा महाराष्ट्रातील पुरावा फार जुना आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला असून, त्यात इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केल्याचा, आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीच्या सभा व प्रपा उभारल्याचा उल्लेख आहे. तापीचे नाव त्या यादीत असणे खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की त्याच लेखात गावांचे दान देवता व ब्राह्मणांना दिल्याचे सांगितले असताना नाव, सभा आणि प्रपा यांना असा विशिष्ट ग्राहक नाही. नदी ओलांडणारा जो कोणी येईल तो त्यांचा अधिकारी ठरतो.

स्कंदपुराणातील वैशाखमाहात्म्य या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. त्यातील हेमांग नावाचा राजा गाई, भूमी आणि द्रव्य यांची अमाप दाने करतो, परंतु पाणी सहज मिळते, त्यात देण्यासारखे काय आहे, अशा समजुतीने तो जलदान करीत नाही आणि परिणामी चातकासह अनेक हीन योनींत जन्म घेतो. हेमांगाची चूक कंजूषपणाची नाही. वस्तूचे मोल देणाऱ्याच्या खर्चावरून ठरवण्याची आहे. भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता चोपडा किंवा शिरपूरच्या रस्त्यावर पाण्याच्या एका पेल्याचे मोल घेणाऱ्याच्या देहस्थितीवरून ठरते, आणि देणाऱ्याला तो पेला जवळजवळ फुकट पडला म्हणून ते तसूभरही कमी होत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. बहुतेक पाणपोया कोणाच्या तरी स्मरणार्थ उभारल्या जातात, काही नवसाच्या असतात, काहींच्या फलकावर दात्यांची नावे पाण्याच्या माठापेक्षा ठळक दिसतात. पुण्याची किंवा कीर्तीची इच्छा मनात असेल तर अशा कर्माला निष्काम म्हणता येईल काय, असे विचारले जाते. तहानलेल्याला दात्याच्या हेतूशी कर्तव्य नाही, हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही, कारण हेतूचा परिणाम पाण्यावर प्रत्यक्ष होतो. कीर्तीसाठी काढलेली पाणपोई वर्दळीच्या चौकात उभी राहते, उद्घाटनाच्या दिवशी वाळ्याच्या सुगंधाने दरवळते आणि मे महिन्याच्या मध्यात, जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते तेव्हा, तिचा रांजण कोरडा पडलेला आढळतो. निष्कामतेची कसोटी त्यामुळे अंतःकरणात डोकावून लावण्याची आवश्यकता नाही. रांजण कोठे ठेवला आहे, तो रोज कोण घासतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो भरलेला राहतो काय, या तीन गोष्टींवरून ती लागते. स्मरणार्थ उभारलेली पाणपोई या कसोटीला उतरत असेल तर तिच्यातील स्मरणही शुद्धच आहे. सबील, म्हणजे सर्वांसाठी पाण्याची मोफत सोय, करण्याच्या इस्लामी परंपरेतही आईच्या मृत्यूनंतर तिच्या नावे कोणते दान श्रेष्ठ, या साद इब्न उबादा यांच्या प्रश्नाला पैगंबरांनी पाणी हे उत्तर दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. आणि जैन विचारातील नऊ पुण्यांत अन्नपुण्यानंतर लगेच पानपुण्य, म्हणजे पाणी देण्याचे पुण्य, येते.

उत्सर्गाची कल्पना जितकी थोर आहे तितकाच तिचा भंगही गंभीर आहे. सर्व भूतमात्रांसाठी मोकळे केलेले पाणी प्रत्यक्षात कित्येक शतके अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना नाकारले गेले, किंवा स्पर्श टाळून वरून त्यांच्या ओंजळीत ओतले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा त्यांनी कोणाकडे दान मागितले नाही. जे सार्वजनिक होते त्यावरचा आपला हक्क त्यांनी बजावला. पुढे भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने राज्याच्या निधीतून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव व घाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली. समर्पित वस्तूवर समर्पण करणाऱ्याची मर्जी चालत नाही, हे उत्सर्गाचे मर्म त्या तरतुदीत कायद्याच्या रूपाने पुन्हा प्रकट झाले आहे. संत एकनाथांनी काशीहून रामेश्वराच्या अभिषेकासाठी आणलेले गंगोदक वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथा महाराष्ट्राने जपली आहे, आणि अभिषेक व तहान यांत अग्रक्रम कोणाचा याविषयी भक्तिमार्गाचा निर्णय तिच्यात निःसंदिग्धपणे मिळतो.

पाणपोई मात्र चालत येऊ शकणाऱ्यांनाच उपयोगी पडते. उन्हाने सर्वाधिक धोक्यात येणारी माणसे बहुधा तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत: पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी वृद्ध स्त्री, आजारी माणूस, तान्हे मूल, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहणारा किंवा बांधकामावर राबणारा मजूर. या संदर्भात महाभारताच्या अनुशासनपर्वातील एक कथा मननीय आहे. ज्येष्ठातील उन्हात जमदग्नी बाण सोडत असतात आणि रेणुका ते परत आणून देत असते. डोके आणि पाय भाजल्यामुळे ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबते, तेव्हा जमदग्नी सूर्यावरच धनुष्य रोखतात, आणि ब्राह्मणरूपाने आलेला सूर्य त्यांना शांत करून छत्री व पादत्राणे देतो. धुळ्यात पांझरेच्या काठी, देवपुरात, असंख्य खानदेशी घराण्यांची कुलस्वामिनी असलेली एकवीरा ही परशुरामाची माता रेणुकाच मानली जाते, त्यामुळे ही कथा या भूमीला परकी नाही. सूर्य आपला ताप आवरत नाही, कारण पाऊस आणि अन्न त्याच तापातून येतात. तो फक्त रक्षणाचे साधन देतो आणि पुढचे काम माणसांवर सोपवतो. कथेत राग सूर्यावर निघत असला तरी रेणुका कोणाच्या कामासाठी त्या उन्हात धावत होती, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

मे २०२४च्या अखेरीस जळगाव जिल्हा प्रशासनाने कलम १४४ खाली आदेश काढून उन्हाच्या वेळेत उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यावर आणि शिकवणी वर्गांच्या वेळांवर निर्बंध घातले, तेव्हा हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला गेला. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे एका पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्या मैदानात जमलेल्या श्रद्धाळू समुदायातील १४ जण मरण पावले. श्रद्धेमुळे देह उन्हापासून वाचत नाही आणि समुदाय जमवणाऱ्यांवर सावलीचेही दायित्व येते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. ज्याच्या शब्दाखातर दुसरा उन्हात उभा आहे त्याने दिलेले पाणी दान या नावाला पात्र होत नाही. ते त्याचे सरळ देणे आहे, आणि कामाची वेळ पहाटेकडे सरकवणे हा त्या देण्याचाच भाग आहे.

कर्तव्याबरोबर ज्ञानाचीही जोड आवश्यक आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, की ज्याला लोक ऊन लागणे म्हणतात त्याचे सर्वांत घातक रूप, उष्माघात, समोर असते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला सावलीत नेणे, कपडे सैल करून अंग पाण्याने भिजवणे, वारा घालणे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावणे हेच तेव्हाचे जलदान होय.

या सर्व विवेचनातून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. वैशाखातील पाणी ज्याला तहान लागली आहे त्याचे आहे. ज्याच्याकडे ते साठले आहे तो केवळ त्याचा विश्वस्त आहे. हे मान्य केले की आखाजीला पितरांची घागर भरणाऱ्या प्रत्येक घरावर त्याच दिवशी आणखी एक कर्तव्य येते: आपल्या गल्लीतील कोणती वृद्ध, आजारी आणि एकटी माणसे रांजणापर्यंत येऊ शकत नाहीत हे ठरवून, पाऊस येईपर्यंत रोज दुपारी त्यांच्या दारी जाऊन त्यांची विचारपूस करण्याची पाळी शेजाऱ्यांनी आपसांत वाटून घेणे. प्रशासनाचे आदेश आणि दवाखान्यातील खाटा यांची गरज त्यामुळे संपत नाही, परंतु त्या खाटेपर्यंत पोहोचण्याची वेळच येऊ नये यासाठी जी वेळेवरची दखल लागते ती शेजारच घेऊ शकतो, आणि पूर्तधर्माचे आजच्या खानदेशातील सर्वांत निकडीचे रूप तेच आहे.