गोष्ट सांगून घाव भरतो काय?

परवा अकोल्याच्या एका कार्यकर्त्यानं मला तोंडावर सुनावलं, 'गोष्टी वाचून माणूस बरा होत असता तर मोर्चे कशाला काढले असते? मलम लावाल तर राग थंडा होईल.' त्या रातपाळीला तुटलेला धागा सांधता सांधता मी याच सवालाशी झुंजत होतो.

१९०१ साली मसूर स्टेशनावर लहानग्या भिवाला अन् त्याच्या सोबतच्या पोरांना गाडीत घ्यायला कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी एकानं दुप्पट भाडं घेतलं, अन् गाडी पोरांनाच हाकायला लावली. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवलं. लिहून त्यांचा राग विझला नाही. १९५६ साली त्यांनी तो धर्मच सोडला. पण ते वाचणाऱ्या पोराला कळतं, खोट आपल्यात नव्हती. लाज आपल्या अंगावरून उतरते अन् तिच्या खऱ्या मालकाच्या दारात जाऊन बसते. बरं होणं म्हणजे मी हे समजतो.

अमरावतीच्या आमच्या वस्तीत रविवारी विहारात आम्ही बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' मोठ्यानं वाचत होतो. फलटणच्या या बाईनं ते घरच्यांपासून लपवून लिहिलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकात आलं, १९८६ साली पुस्तक झालं. गावाचा जुलूम वाचला तेव्हा आम्ही पोरं मुठी वळत होतो. मग आपल्याच घरातल्या सुनांच्या छळाचं पान आलं. मागून माझी माय उठली, 'माह्यासंगही हेच झालं ना बाप्पा. पण मले कोनं इचारलं कधी?'

विहार चूप. बापानं मान खाली घातली. मीही घातली. लहानपणी मी ते सारं पाहिलं होतं, अन् झोपेचं सोंग घेतलं होतं.

बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः चहा मांडला, मायला दिला. याला क्रांती म्हणू नका. पण मायच्या अंगावरची लाज तिसाएक वर्षांनी उतरली, ती मी डोळ्यानं पाहिली.

तर दोस्ता, मलमाचं ऐक. खरी गोष्ट आधी घाव धुते, अन् धुताना झोंबतं. दुसऱ्याच्या जुलमाची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणं सोपं आहे. ज्या गोष्टीत जालीम आपणच आहोत, ती बसून ऐकायची हिंमत आहे काय? असेल तर रविवारी विहारात ये. येताना मायला घेऊन ये.