वाटेतला खांब

चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्या राजाची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि मुले पोट धरून हसतात. असला न्याय गोष्टीतच शोभायचा, असे आपल्याला वाटते. मला मात्र तो पायवाटेच्या तोंडाशी रोज उभा दिसतो. तिथे त्याने लोखंडी खांबाचे रूप घेतलेले असते.

खांब रोवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे आधीच सांगून टाकतो. पायी चालण्याच्या वाटेवर मोटारसायकली घुसतात, म्हातारी माणसे भेदरतात, एखादे पोर चाकाखाली येता येता वाचते. तक्रार होते आणि खांब उभे राहतात. आमच्या सिन्नरातही एका वाटेवर असे खांब आले. चार दिवसांत मोटारसायकलवाल्यांनी बाजूने वाट काढली. अडून राहिला तो दोन्हीकडे किटल्या लटकवून सायकल हाकणारा दूधवाला. अडली ती हाताने फिरवायच्या तीनचाकी गाडीतून येणारी मुलगी. दांडगा निसटला आणि गरजू अडकला!

हे केवळ आमच्या गावचे गाऱ्हाणे नाही. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमुळे चाकांच्या खुर्चीला आत जाता येत नव्हते. अशाच खुर्चीवर बसणाऱ्या एका नागरिकाने ते न्यायालयाला लिहून कळवले आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची जनहित याचिका करून घेतली. ब्रिटनमध्ये सायकलींच्या राष्ट्रीय मार्गजाळ्याची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असले सुमारे १६,००० अडथळे मोजले गेले. अडथळा हटवायचा किंवा बदलायचा, हे काम तिथल्या लोकांनी मग हाती घेतले. मे २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही निर्वेध पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला.

यावर कोणी म्हणेल, "सर्वांच्या भल्यासाठी थोडी गैरसोय सर्वांनीच सोसायला नको का? रेल्वेच्या फाटकापाशी आपण थांबतोच ना!" प्रश्न रास्त आहे. पण रेल्वेचे फाटक मोटारीतल्या सावकाराला आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला सारखेच थांबवते आणि गाडी गेली की उघडते. खांब कधीच उघडत नाही. त्याची गैरसोय सर्वांच्या वाट्याला येत नाही. जो आधीच कष्टाने चालतो, त्याच्याच वाट्याला ती येते. ज्यांना ती सोसावी लागत नाही, त्यांनी तिला 'थोडी' म्हणावे, यात कसला न्याय?

बरे, खांबांत अंतर वाढवले तर? खरी मेख इथेच आहे. चाकांच्या खुर्चीची रुंदी आणि मोटारसायकलच्या मुठींची रुंदी यांत फारसा फरक नसतो. खुर्ची सुखाने जाईल, त्या फटीतून मोटारसायकलही जाईल. सज्जन कोण आणि दांडगा कोण, हे लोखंडाला कळत नाही. ते माणसालाच ओळखावे लागते.

आपल्या जुन्या खेड्यांना हे ठाऊक होते. मोकाट जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले, तर गाव ते जनावर कोंडवाड्यात नेई आणि धन्याकडून दंड घेई. १८७१ चा कायदाही तेच सांगत होता. बैल उनाड निघाला म्हणून गावाने पाणंद बुजवली नाही. त्यात कष्ट होते. जनावराच्या मागे धावावे लागे, धन्याशी भांडावे लागे.

हे कष्ट नकोत म्हणूनच आपल्याला खांब आवडतो, असे मला वाटते. खांबाला पगार लागत नाही आणि कोणाच्या तोंडावर बोलावे लागत नाही. आणि लहान गावात पायवाटेवर मोटारसायकल घालणारा कोणी परका नसतो. तो शेजाऱ्याचा मुलगा असतो, आपला भाचा असतो, कधी आपलाच विद्यार्थी असतो. त्याला "बाबा रे, खाली उतर" म्हणण्याचा संकोच आपण लोखंडात ओततो आणि त्याची किंमत त्या तीनचाकीतल्या मुलीकडून वसूल करतो.

आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरवरून जाते. तिच्या मागे म्हातारी माणसे काठी टेकत चालतात आणि गाव त्यांना वाट करून देते. एक दिवसाचा हा धर्म बाकीच्या दिवसांनाही लागू करायला काय हरकत आहे?

खांब काढला तर एखादा उनाड आत शिरेल, हे मला मान्य आहे. त्याला अडवून दोन शब्द सुनवावे लागतील, वेळ पडली तर दंडही करवावा लागेल. मनस्ताप होईल. पण तो मनस्ताप धडधाकट माणसांनी वाटून घ्यायचा आहे. आपण त्यातून सुटावे म्हणून दुबळ्याने वाटेवरून परत फिरावे, हे मला पटत नाही.