कागदात गुंडाळलेली किंमत

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात परवा एक मुलगी गर्दी पांगेपर्यंत बिस्किटांचे पुडे उलटसुलट करत उभी होती. मग हळूच पॅडच्या कंपनीचं नाव पुटपुटली. दुकानदार सज्जन. त्यानं रद्दीतलं एक पान ओढलं, पाकीट गुंडाळलं, रबरबँड चढवला आणि मगच आकडा सांगितला. तिनं नोट पुढे केली, परत आलेले पैसे न मोजताच मुठीत धरले. तिच्या मागच्या मावशी मात्र साबणाच्या वडीवरची छापील किंमत चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचत होत्या.

तेव्हापासून पॅडवरच्या करमाफीचा विचार डोक्यातून जात नाही.

जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा कुंकू, टिकल्या, काचेच्या बांगड्या करमुक्त होत्या आणि पॅडवर 12 टक्के. सौभाग्यलेणं माफ आणि पाळी महाग, हा हिशेब मुंबईच्या ‘शी सेज’सारख्या संस्थांना पटला नाही. त्यांनी ‘लहू का लगान’ मोहीम चालवली, प्रकरण न्यायालयांत गेलं, आणि 27 जुलै 2018 पासून कर शून्य झाला. आता पाकीट 12 टक्क्यांनी उतरणार, असं आम्ही घरी बोललोही. तसं ते सरळ नव्हतं. विक्रीवरचा कर माफ झाला, तशी कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावटही उत्पादकाला मिळेनाशी झाली. म्हणजे उतरायला जागा होती ती थोडी. पण थोडी तरी होतीच. कर कमी झाल्याचा फायदा गिऱ्हाइकाला द्यावा, असं जीएसटी कायद्याचं कलम 171 सांगतं. द्यावा, हे ठीक. तो मिळाला की नाही, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?

ब्रिटनमध्ये ही वजावटीची अडचण नव्हती. तिथे 1973 पासून या वस्तूंवर मूल्यवर्धित कर होता. 2001 पासून तो 5 टक्के होता. 2017 मध्ये टेस्को या मोठ्या साखळी दुकानानं तेवढा भार आपल्या अंगावर घेत किमती उतरवल्या, त्याचं कौतुकही झालं. 1 जानेवारी 2021 ला सरकारनंच कर शून्यावर आणला, तोही वजावट शाबूत ठेवून. किमती जवळपास पाच टक्के उतरायला हव्या होत्या. 2022 मध्ये ‘टॅक्स पॉलिसी असोसिएट्स’ या अभ्यासगटानं सरकारी आकडे तपासले. टॅम्पॉनच्या किमती कर गेल्यामुळे फार तर एखादा टक्का उतरल्या होत्या. वाचलेल्या पैशातला निदान 80 टक्के वाटा विक्रेत्यांकडेच राहिला, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मला यात दरोडा दिसत नाही, आणि तेच जास्त अस्वस्थ करतं. कुणी बैठक घेऊन बायकांना लुबाडायचं ठरवलं असेल असं वाटत नाही. कापूस महागला, वाहतूक महागली, पगार वाढले, अशी कारणं प्रत्येकाजवळ असतात आणि ती खरीही असतात. वरचं लेबल बदललं नाही, एवढंच झालं. पण जे पैसे दुसऱ्याच्या नावानं सोडवून आणले, ते गल्ल्यात राहिले तर नफा म्हणायचे की ठेव? आमच्या आजोळी शेजारणीचं दूध आपल्याकडे उतरवलं गेलं, तर भांडं धुऊन परत जायचं. ती मागायला येईल, याची कुणी वाट बघत नसे.

पुढे पाळीत वापरायच्या अंतर्वस्त्रांवरचा 20 टक्के कर काढा, अशी मागणी ब्रिटनमध्ये झाली, तेव्हा मोठ्या दुकानांनी आधीच लिहून दिलं: कर गेला की किंमत उतरवू. जानेवारी 2024 मध्ये कर गेला. आधी शब्द घेतला होता, म्हणून मागायला तोंड तरी होतं.

काल मीच त्या दुकानात गेले. गेली पस्तीस वर्षं माझंही पाकीट कागदातूनच येतं, आणि आता लेकीचं येतं. हात रद्दीकडे गेला तसं म्हटलं, “कागद नको. किंमत बघू द्या.” त्यानं पाकीट उलटं केलं, डोळे बारीक केले.

“अरेच्चा, वाढली की ही.”

“कधी?”

“काय माहीत, ताई. ह्याचा भाव कुणी विचारत नाही.”